सरांच्या नावाचं फूल

माझी रूममेट बीएस्सी थर्ड इयरला आहे, बॉटनी घेऊन. मी मास कॉमची. त्यामुळे तिची परीक्षा जवळ आली की माझं काम ठरलेलं असतं. नोट्स हातात धरून बसायचं आणि ती पाठ म्हणते ते बरोबर आहे का बघायचं. परवा रात्री जीवाश्मांचं युनिट सुरू होतं. एनिग्मोकार्पॉन परिजाई, साहनिअँथस, पेंटॉक्सिलॉन साहनी... ती अडखळत होती आणि मी हसत होते. मग मी सहज विचारलं की हे परिजाई म्हणजे काय, कुठल्या गावाचं नाव आहे का? तिला माहीत नव्हतं. नोट्समध्येही नव्हतं. हे दोन मार्काला येतं आणि स्पेलिंग चुकलं तर अर्धा मार्क जातो, एवढंच तिला ठाऊक होतं.

त्याच रात्री तिला एक गुगल फॉर्मसुद्धा भरायचा होता. सेमिस्टर संपत आलं की येतो तो. शिक्षक वेळेवर येतात का, अभ्यासक्रम पूर्ण करतात का, शंका विचारल्या तर उत्तर देतात का. एक ते पाच गुण. सगळ्यात खाली एक मोठा चौकोन, आपलं मत लिहा. तिने सगळीकडे चार-चार दिले आणि चौकोनात एक टिंब टाकलं. कारण चौकोन रिकामा ठेवला तर फॉर्म सबमिट होत नाही.

ती झोपली. मी मोबाइल घेऊन परिजाई शोधत बसले, आणि एकातून दुसरं निघत गेलं. ती जी अवघड नावं आहेत ना, ज्यांची आपल्याला परीक्षेत धास्ती वाटते, त्यातली बरीचशी कुणीतरी कुणाबद्दल तरी दिलेली मतंच आहेत. विद्यार्थ्याने शिक्षकाबद्दल, मित्राने मित्राबद्दल. आणि त्यातली निम्मीअधिक एकाच माणसाभोवती फिरतात. बिरबल साहनी, लखनौ विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना जाऊन ७५ वर्षांपेक्षा जास्त काळ झाला.

लखनौच्या प्राध्यापकाचं चंद्रपूरच्या पोरांना काय, असं वाटू शकतं. मलाही वाटलं होतं. पण आपल्या विद्यापीठाचं नावच बघा. गडचिरोलीला २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी. आपण ते नाव मार्कशीटवर बघतो आणि पुढे जातो. भूशास्त्रात मात्र हे नाव जगभर चालतं. मध्य भारतातल्या कोळसा असलेल्या खडकांना १९ व्या शतकात गोंडांच्या प्रदेशावरून गोंडवाना हे नाव पडलं. मग ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडवर्ड सूस यांनी दक्षिणेकडच्या एका प्राचीन महाखंडालाच ते नाव देऊन टाकलं. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळं एकेकाळी एकत्र होतं, ते गोंडवाना. म्हणजे ब्राझीलमधला एखादा बीएस्सीचा मुलगाही परीक्षेत आपल्याच भागाचं नाव लिहितो. साहनींचं पहिलं मोठं काम याच गोंडवाना खडकांतल्या वनस्पतींवर होतं. आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम आपल्या शेजारच्या दगडांवर. त्याकडे येतेच.

पेपर सोडून उठलेला मुलगा

बिरबल साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा, भेरा या गावचा. हे गाव आता पाकिस्तानातल्या पंजाबात आहे. वडील रुचीराम साहनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. हे वडीलसुद्धा भारी प्रकरण होतं. ते कॉलेजबाहेर सामान्य लोकांसाठी पंजाबीतून विज्ञानाची व्याख्यानं द्यायचे, प्रयोग करून दाखवायचे आणि लोक तिकीट काढून यायचे. दुकानदार, कारागीर असे लोक. आपल्याकडे हजेरी ७५ टक्के सक्तीची केली तरी वर्ग भरत नाही, आणि तिकडे लोक पैसे मोजून विज्ञान ऐकत होते.

बिरबल त्याच कॉलेजात शिकले. तिथली एक गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. विद्यापीठाच्या परीक्षेत बॉटनीचा पेपर हातात आला आणि त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न जुन्याच पेपरमधून उचलले आहेत. ते पेपर न लिहिता हॉलमधून बाहेर पडले, आणि विद्यापीठाला त्यांच्यासाठी नवा पेपर काढावा लागला. आता प्रामाणिकपणे सांगा, रिपीट प्रश्न आले तर आपण काय करू? आपण तर पाच वर्षांचे पेपर झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठ्याने आणतो आणि त्यातलं आलं की देवाचे आभार मानतो. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा आगाऊपणाची वाटली. पण नंतर जाणवलं की शिक्षकांबद्दल मत देण्याचा हाही एक प्रकारच आहे, आणि तो निनावी नव्हता. नाव, रोल नंबर, सगळं समोर होतं.

घरच्यांची इच्छा होती की मुलाने आयसीएस व्हावं. त्या काळातली ती यूपीएससी समजा. मुलाने सांगितलं की हुकूम असेल तर जातो, पण मनापासून विचाराल तर बॉटनी. वडिलांनी ऐकलं. (हे वाक्य लिहिताना मला आमच्या अख्ख्या बॅचचे वडील आठवले.) १९११ मध्ये ते केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले.

ध्रुवावरून आलेलं पान

केंब्रिजमध्ये त्यांना शिक्षक भेटले अल्बर्ट चार्ल्स सीवर्ड. जीवाश्म वनस्पतींमधलं तेव्हाचं मोठं नाव. त्याच सुमाराला एक घटना घडली होती. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मेले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांतली पानं ओळखण्याचं काम सीवर्डकडे आलं. पानं ग्लॉसोप्टेरिसची निघाली. ग्लॉसोप्टेरिस म्हणजे जिभेच्या आकाराचं पान असलेलं झाड, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचं. हीच झाडं गाडली जाऊन भारतातला गोंडवाना कोळसा झाला. म्हणजे ज्या कोळशावर आपला दुर्गापूरचा वीज प्रकल्प चालतो त्या कोळशाचं झाड आणि ध्रुवावर स्कॉटच्या गाडीत सापडलेलं झाड एकच. खंड एकेकाळी जोडलेले होते याचा हा एक मोठा पुरावा.

अशा शिक्षकाच्या हाताखाली साहनी शिकत होते. विद्यार्थी असतानाच त्यांच्याकडे एक काम आलं, आणि ते मला फार आवडलं. लोसन नावाच्या लेखकाचं बॉटनीचं एक पाठ्यपुस्तक भारतातल्या कॉलेजांत चालायचं, पण त्यातली झाडं सगळी इंग्लंडची. लाहोरच्या किंवा नागपूरच्या मुलाने न बघितलेल्या फुलाची चित्रं काढायची आणि पाठ करायची. साहनींनी ते पुस्तक भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुधारलं, त्यात इथली झाडं आणली. पुढे कित्येक वर्षं मुलं तेच वापरत होती.

सीवर्डनी आपल्या या विद्यार्थ्यावर विश्वास टाकला तो असा, की भारतातल्या गोंडवाना वनस्पतींची जुनी सगळी वर्णनं पुन्हा तपासायचं काम दोघांनी मिळून केलं. १९२० मध्ये ते छापून आलं, लेखक सीवर्ड आणि साहनी. त्याआधी १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. घेऊन साहनी भारतात परतले होते. वर्षभर बनारस, वर्षभर लाहोर, आणि १९२१ मध्ये लखनौ. लखनौचं विद्यापीठ तेव्हा नवंकोरं होतं. बॉटनीचे पहिले प्राध्यापक म्हणून ते तिथे गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

दोन्ही हातांत खडू

वर्गातले साहनी कसे होते? त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत एक चित्र पुन्हा पुन्हा येतं. अंगात खादी, आणि दोन्ही हातांत एकेक खडू. त्यांना दोन्ही हात सारखेच चालायचे. बोलता बोलता ते फळ्यावर एकाच वेळी दोन्ही हातांनी आकृती काढायचे. पान असो, फूल असो, खोडाचा छेद असो, डावी बाजू डाव्या हाताने आणि उजवी बाजू उजव्या हाताने, आणि दोन्ही मध्ये येऊन जुळायच्या. मुलं वही विसरून बघत बसायची.

हे वाचून मला आधी वाटलं की ही जादूगारी झाली, शिकवणं कुठे आहे यात? पण रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली की प्रॅक्टिकलला आकृती कॉपी करताना सगळ्यात मोठा गोंधळ हाच असतो की सुरुवात कुठून करायची. समोर आकृती बनताना दिसली तर अर्धं काम होतं. आमच्याकडे तर पीपीटी येते, आकृती आयती येते, आणि पुढची स्लाइड येईपर्यंत निघूनही जाते. (कुठल्या कॉलेजात ते मी लिहीत नाहीये, पण वाचणाऱ्यांना ओळखीचं वाटेल.)

संशोधनात नाव झालेल्या प्राध्यापकाने खालचे वर्ग ज्युनियरवर सोडून द्यायचे, हा रिवाज तेव्हाही होता. साहनी मात्र पदवीच्या वर्गांनाही स्वतः शिकवायचे. १९३६ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, त्याआधी १९२९ मध्ये केंब्रिजने त्यांना एस्सी.डी. दिली होती, १९३३ पासून ते विज्ञान शाखेचे डीन होते. पुढे १९४३ मध्ये लखनौत भूशास्त्राचा विभाग सुरू झाला तर त्याचंही काम त्यांच्याकडेच आलं. एवढं असताना वर्ग सुटला नाही.

आणि हातोडा. तो त्यांच्या पिशवीत कायम असायचा. १९३६ मध्ये रोहतकजवळच्या खोकराकोट या टेकाडावर फिरताना त्यांना मातीचे काही साचे मिळाले. ते प्राचीन काळी नाणी पाडण्याचे साचे निघाले. दुसरा एखादा असता तर पुरातत्त्ववाल्यांकडे देऊन मोकळा झाला असता. यांनी त्यावर अभ्यास केला आणि १९४५ मध्ये प्राचीन भारतात नाणी कशी ओतत होते यावर अख्खा ग्रंथच छापला. बॉटनीच्या प्राध्यापकाने!

मोहगावचे दगड

आता आपल्या शेजारच्या दगडांकडे. तेव्हा आपला जिल्हा चांदा होता आणि मध्य प्रांतात होता, नागपूर ही राजधानी. नागपूरच्या उत्तरेला, तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यात सौसर आहे, आजही मराठी बोलणारा भाग, आणि त्याच पट्ट्यात मोहगाव कलां हे गाव. या सगळ्या परिसरात काळा बसाल्ट आहे, दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा. लाव्हा एकदाच आला नाही. एक थर आला, थंड झाला, मग कित्येक वर्षं शांतता. त्या शांततेत वर तळी झाली, झाडं उगवली, शेवाळं, नेचे, पाम सगळं आलं. मग पुन्हा लाव्हा. दोन थरांच्या मध्ये जे दबलं त्यात सिलिका मुरली आणि त्याचा गारगोटीसारखा कडक दगड झाला. हा दगड कापून, घासून कागदाहून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यात पेशी दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या फुलाची एकेक पेशी. सडायच्या आधीच ते दगड झालं होतं.

या भागातले जीवाश्म आधीही माहीत होते. ज्यांच्या नावाने नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप धर्मप्रचारक होते, पण त्यांना दगडांचाही नाद होता. १८५० च्या दशकात त्यांनी नागपूर परिसरातून आणि खाली सिरोंचाजवळच्या कोटापर्यंतचे जीवाश्म गोळा करून लंडनला पाठवले. पण तेव्हा आपले दगड अभ्यासायला तिकडे जायचे. साहनींच्या काळात ते इथेच कापले, घासले आणि वाचले जाऊ लागले. भूशास्त्रज्ञ के. पी. रोडे यांच्यासोबत साहनींनी १९३७ मध्ये मोहगाव कलांच्या वनस्पतींवर निबंध छापला. तिथे निपा पामची फळं मिळाली. निपा आज सुंदरबनात, खाऱ्या पाण्याच्या खाड्यांत वाढतो. मग मोहगावात, जिथून आज समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, तिथे निपा कसा? साहनींनी निष्कर्ष काढला की तेव्हा समुद्राची खाडी जवळ असली पाहिजे. १९४३ मध्ये एच. एस. राव यांच्यासोबत त्यांनी सौसरच्या दगडांतून अझोला शोधला. हाच अझोला, जो आज आपल्याकडे धानाच्या बांधीत सोडतात आणि जनावरांना खाऊ घालतात.

या वनस्पतींवरून साहनी म्हणत होते की दख्खनचा लाव्हा इओसीन काळातला, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचा आहे. १९३४ मध्येच त्यांनी हा वाद छेडला होता. आज किरणोत्सारी पद्धतीने मोजल्यावर मुख्य लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा निघतो, अगदी डायनासोर संपायच्या आसपासचा. म्हणजे साहनी थोडे अलीकडे सरकले होते. आपल्या वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं आणि त्यांची दगड झालेली विष्ठा मिळते, तो थर याच लाव्हाच्या खालचा.

दुसरी चूक मात्र मोठी होती आणि ती लपवायचं कारण नाही. पंजाबातल्या मिठाच्या डोंगरांचं वय किती, यावर १९४० च्या दशकात जोरदार भांडण झालं. साहनींना त्या मिठात वनस्पतींचे बारीक कण मिळाले आणि त्यावरून त्यांनी मीठ सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचं ठरवलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की मीठ पाण्यात विरघळतं आणि पुन्हा जमतं, त्यात नंतरचे कण शिरू शकतात. आज ते मीठ ५० कोटी वर्षांहून जुनं मानतात. दहा पट फरक. पण साहनींनी काय केलं, तर हा प्रश्न भर परिषदेत ठेवला, विरोधकांसोबत चर्चासत्रं घेतली, आपले नमुने सगळ्यांसमोर मांडले. चूक होती, पण तपासता येईल अशी होती. शिक्षक चुकला तर वर्गात काय होतं हे आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे. बहुतेक वेळा फळा पुसला जातो आणि विषय बदलतो.

नावांची साखळी

आता नावं. वनस्पतीचं नाव ठेवताना एक संकेत आहे की आपल्या शोधाला आपलंच नाव द्यायचं नाही. दुसऱ्याचं देता येतं. आणि एकदा नियमाप्रमाणे छापलं की ते नाव खोडता येत नाही. जीवाश्मांत आणखी एक गंमत असते. खोड एकीकडे मिळतं, पान दुसरीकडे, फळ तिसरीकडे, म्हणून एकाच झाडाच्या अवयवांनाही वेगवेगळी नावं पडतात.

१९३२ मध्ये साहनींनी राजमहालच्या टेकड्यांतल्या एका सायकससारख्या वनस्पतीचं वर्णन केलं आणि तिला नाव दिलं विल्यमसोनिया सीवर्डियाना. हे सीवर्ड म्हणजे केंब्रिजचे त्यांचे सर. तेव्हा सर जिवंत होते, म्हणजे त्यांना ते वाचायलाही मिळालं.

१९४३ मध्ये मोहगाव कलांच्या एका विचित्र फळाला त्यांनी नाव दिलं एनिग्मोकार्पॉन परिजाई. एनिग्मो म्हणजे कोडं, कार्पॉन म्हणजे फळ. आणि परिजाई हे गाव नाही! ते ओडिशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण परिजा. तेही केंब्रिजला शिकलेले. सफरचंदाच्या श्वसनावरचं ब्लॅकमन आणि परिजा यांचं काम बॉटनीवाल्यांना फिजिऑलॉजीत भेटतं, ते हेच. त्याच १९४३ मध्ये परिजा नव्या उत्कल विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोहगावला सोबत असलेले रोडेही सुटले नाहीत. तिथल्या एका वनस्पतीला साहनींनी रोडाइटिस हे नाव दिलं.

मग पुढच्याच वर्षी, १९४४ ला, नागपूरचे व्ही. बी. शुक्ला यांनी त्याच मोहगाव कलांच्या दगडातून एक फूल शोधलं आणि त्याला नाव दिलं साहनिअँथस. अँथस म्हणजे फूल, साहनींचं फूल. अभ्यासकांच्या लक्षात आलं की हे फूल आणि ते कोड्याचं फळ एकाच झाडाचं. साहनींनी फळाला मित्राचं नाव दिलं, शुक्लांनी फुलाला साहनींचं, आणि झाड एकच निघालं. या फुलावर पुढे नागपूरच्या शिक्षिका श्या चितळे यांनी काम केलं. त्या नंतर अमेरिकेत क्लीव्हलँडच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात गेल्या आणि तिथला जीवाश्म वनस्पतींचा संग्रह त्यांनी सांभाळला.

तिकडे राजमहालच्या निपानिया गावात खोडाचा एक नवाच प्रकार मिळाला होता. आत लाकडाचे पाच गाभे, म्हणून पेंटॉक्सिलॉन. श्रीवास्तव यांनी १९४५ मध्ये त्याचं नाव ठेवलं पेंटॉक्सिलॉन साहनी. साहनींनी १९४८ मध्ये हा वनस्पतींचा एक वेगळाच गट असल्याचं मांडलं. याच झाडाच्या परागकण देणाऱ्या अवयवाला पुढे १९५३ मध्ये विष्णू मित्रे यांनी नाव दिलं साहनिया. तोवर साहनी हयात नव्हते.

आणि मला सगळ्यात आवडलेलं नाव. शुक्लांनी मोहगावच्याच आणखी एका फुलाला नाव दिलं साहनिपुष्पम. ग्रीक नाही, लॅटिन नाही, सरळ पुष्पम. मग १९५६ मध्ये वर्मा यांनी या फुलाच्या एका प्रजातीला नाव ठेवलं साहनिपुष्पम शुक्लाई. म्हणजे पहिल्या शब्दात एक शिक्षक आणि दुसऱ्या शब्दात ज्याने ते नाव दिलं तो.

एक शंका मात्र मनात राहिली. ही मतं देणारे सगळे कोण आहेत? पुढे स्वतः प्राध्यापक किंवा संशोधक झालेले लोक. लखनौच्या त्या वर्गात मागच्या बाकावर बसणारे, पास होऊन बँकेत, रेल्वेत लागलेले, नापास होऊन गावी परत गेलेलेही असणारच. त्यांना ते दोन हातांतले खडू कसे वाटले? सरांचा वेग झेपत होता का? दगड घासत बसणाऱ्या प्राध्यापकाने शेती शिकवावी असं कुणाला वाटलं असेल का? त्यांचा फॉर्म कुठेच छापलेला नाही. या एका बाबतीत आपला गुगल फॉर्म बरा म्हणायचा. त्यात मागच्या बाकालाही चौकोन मिळतो. त्यात आपण टिंब टाकतो ही गोष्ट वेगळी.

एक आठवडा

साहनींच्या मनात बरीच वर्षं होतं की फक्त जीवाश्म वनस्पतींसाठी वेगळी संस्था असावी. १९४६ मध्ये ती लखनौत सुरू झाली. पत्नी सावित्री यांची साथ होती, आणि साहनींनी आपली पुस्तकं व जीवाश्मांचा संग्रह संस्थेला देऊन टाकला. ३ एप्रिल १९४९ ला पंडित नेहरूंच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. पायाचा दगडही साहनींनी स्वतः बनवला होता. वेगवेगळ्या काळांतले आणि ठिकाणचे ७७ जीवाश्म एकत्र बसवून त्यांनी तो घडवला.

त्यानंतर जेमतेम एक आठवडा गेला. १० एप्रिलला हृदयविकाराने ते गेले. वय ५७. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेचे मानद अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झालेली होती.

जागेवर तेव्हा तो एक दगड होता आणि बाकी मोकळं मैदान. काम सावित्री साहनींनी पुढे नेलं. पैसे जमवणं, सरकारदरबारी खेटे, बाहेरदेशातून तज्ज्ञ बोलावणं, सगळं. जानेवारी १९५३ मध्ये इमारत उभी राहिली आणि नेहरूच पुन्हा उद्घाटनाला आले. संस्था आजही चालू आहे, साहनींच्याच नावाने.

दगडातली झाडं बघायला लखनौलाच जायला पाहिजे असंही नाही. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म पार्क आहे. दगड झालेली झाडांची खोडं तिथे जमिनीवरच पडलेली दिसतात. रूममेटचं म्हणणं आहे की परीक्षा संपली की एसटीने जाऊ. परिजाईचं स्पेलिंग तिचं आता चुकत नाही.